मत दिल्यानंतर काय?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, मोबाइलच्या ॲपवर मतदान झालं, बोटाला शाई लागली, मुख्यमंत्र्यापासून स्वच्छतामंत्र्यापर्यंत सगळ्यांचा शपथविधी पार पडला. विद्यार्थ्यांनी लोकशाहीचे धडे गिरवले, असा मथळा असतो. त्यामागची शिक्षकांची मेहनत खरी असते. पण धडा नेमका कोणता गिरवला गेला?

निवडून आलेला मुख्यमंत्री पुढे रांगा सरळ ठेवतो, परिपाठाला सूचना देतो, उशिरा येणाऱ्यांची यादी करतो. वर्गप्रमुख सर नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. मतं वर्गाची, पण हिशेब द्यायचा सरांना. त्याने आकसाने कुणाचं नाव लिहिलं, तर ज्यांनी त्याला निवडलं त्यांना विचारायची सोय नाही. निवडणं आणि जाब विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. शाळा पहिलं शिकवते आणि दुसऱ्याला उद्धटपणा म्हणते.

यावर उपाय म्हणून नागरिकशास्त्राचे गुण वाढवले, तर पाठांतर तेवढं वाढेल. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन जरूर व्हावं, पण वाचनाने सवय लागते ती वाचनाचीच.

खरा मुकाबला आहे तो ‘सुरुवात तर होते ना’ या युक्तिवादाशी. कृतीतून शिक्षण म्हणून तो करणारी मंडळी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईचा दाखला देतात. ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक होते आणि लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार आंबेडकरांनी त्यांच्याकडून घेऊन जातिव्यवस्थेला लावला. मतदानाच्या रंगीत तालमीत त्या रीतीचं काय उरतं? सराव ज्याचा होतो तेच अंगवळणी पडतं. दरवर्षी मतमोजणीला संपणारी लोकशाही मुलांनी दहा वर्षं पाहिली, तर अठराव्या वर्षी ती मतदान केंद्रातून बाहेर पडून घरीच जाणार.

यावर याच मंडळींचं पुढचं म्हणणं असं की जाब विचारण्याइतकी समज मुलांना नसते. वॉर्सातल्या अनाथालयात यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वीच मुलांचं न्यायालय चालवून दाखवलं होतं. न्यायाधीश मुलंच, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. तक्रार सवंगड्यावर करता येई, तशीच मोठ्या माणसांवरही. संहितेतली पहिली नव्व्याण्णव कलमं क्षमेची होती. कोर्चाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. त्यामुळे त्यांचा वचक गेला नाही. मुलांना नियम सगळ्यांना लागू असल्याचा पुरावा मिळाला. तिथे समजेची वाट पाहिली गेली नाही, समज त्या कामातून आली.

महाराष्ट्रात मोठ्यांनी मुलांपुढे ठेवलेलं उदाहरण पाहावं. सहावीच्या पुस्तकात स्थानिक शासनसंस्था शिकवल्या जातात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्या जूनमध्ये सहावीत गेलेलं मूल नववीत पोचलं तरी महापालिका प्रशासकाकडेच होती. नगरसेवक फक्त पुस्तकात! महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका हिंसाचाराचं कारण देऊन १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थांबल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या, २०१९ मध्ये घ्यायचं ठरलं आणि मग पुढे ढकललं गेलं. हिंसाचाराची भीती खोटी नव्हती, पण तिच्यावर इलाज म्हणून गुणांच्या आधारे नेमलेला प्रतिनिधी विद्यार्थ्यांना जबाबदार कसा राहणार, हे कुणी सांगितलं नाही.

जाब विचारणं शिकवायला शाळांना निधी लागणार नाही. महिन्यातून एक तास पुरे. त्या तासाला शालेय मंत्रिमंडळाने वर्गांपुढे उभं राहून केलेल्या आणि न केलेल्या कामाची उत्तरं द्यावीत, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापकांनीही उभं राहावं. खेळाचं साहित्य कपाटात कुलपाखाली का आहे, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नाही, असे प्रश्न येतील. पैसे आले नाहीत, असं उत्तर मिळालं तर ते कुठे अडले हा पुढचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तो प्रश्न आधी त्यांच्याकडे जावा आणि तिथेही उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसभेत किंवा प्रभाग कार्यालयात.