वरच्या अंगणाचे पाणी

सोसायटीच्या बैठकीत अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पावसाळ्यात चिखल होतो, मुले घसरतात, गाड्यांची चाके रुततात. ही कारणे खोटी नव्हती. पुढच्या आषाढात आमचे अंगण स्वच्छ राहिले आणि मागच्या चाळीत पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत पाणी शिरले. उघडीप मिळताच तेथील एक वृद्ध बाई भिजलेले गहू चादरीवर पसरीत बसल्या होत्या. मला पाहून त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर बरे झाले असते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे अंगण सुमारे हजार चौरस मीटरांचे. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. श्रावणापर्यंत तुडुंब झालेली माती फारसे पाणी पीत नाही, हे मान्य. पण गवतात, खाचखळग्यांत ते रेंगाळते आणि उशिरा निघते. फरसबंदीने तो उशीर नाहीसा केला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत जिरेल असे त्यांच्या हिशेबात गृहीत होते. पुढे तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि ते सारेच पाणी वाहून येणार, असे धरावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी कोणतीच माती पुरी पडली नसती. म्हणून मी त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी बोलतो आहे ते दरवर्षीच्या साध्या पावसाबद्दल.

पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मधे सखल पट्टा, अशी मीरा-भाईंदरची ठेवण आहे. डोंगरावरून उतरलेले पाणी खाजणांत आणि मिठागरांत पसरे व ओहोटीची वाट पाही. पावसाळ्यात मीठ पिकत नसे, तेव्हा आगरे पाण्याला मोकळीच असत. १९९१ साली येथे पावणेदोन लाख माणसे होती. २०११ साली ती आठ लाखांवर गेली. मुंबईत ज्यांना छप्पर परवडले नाही, तीच ही माणसे. त्यांना दोष देणे मला जमणार नाही; मीही त्यांतलाच. पण प्रत्येक नवी इमारत भराव घालून आपले जोते शेजाऱ्याहून हातभर उंच बांधते. रस्ताही थरावर थर चढत जातो, आणि जुन्या गावठाणातले घर न हलता खड्ड्यात जाते.

प्राचीन रोमन कायद्यात या तंट्याला स्वतंत्र दावा होता. उतारावरून आपसूक येणारे पाणी खालच्या शेतकऱ्याने सोसावे. परंतु वरच्याने बांधकाम करून ते अधिक किंवा अधिक वेगाने खाली लोटले, तर ते बांधकाम काढून टाकण्यास त्याला भाग पाडता येई. त्या न्यायाधीशापुढे एक वरचा आणि एक खालचा असे दोघे उभे असत. आमच्या चाळीतले पाणी मात्र चाळीस अंगणांतून येते. आमचे ब्लॉक उखडले, तरी त्या घरातली पातळी बोटभरही उतरेल की नाही, शंका आहे. मग माझा अपराध चाळिसाव्या हिश्श्याचा काय? पापाची अशी वाटणी होत असेल, तर चारशे जणांनी मिळून केलेली गोष्ट जवळजवळ निष्पापच ठरावी. हे माझ्या मनाला पटत नाही. बाईंचे गहू काही चाळिसाव्या हिश्श्याने भिजले नव्हते.

माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले होते. मीरा रोडला या प्रश्नाचे एक उत्तर पाणीच देते: ते जिकडे वाहते तिकडचा.

पुढील बैठकीसाठी मी एक ठराव दिला आहे. मागच्या भिंतीलगतची दोन मीटरांची पट्टी उकरून तेथे पुन्हा माती आणि झाडे असावीत. सचिवांनी तो ठेवून घेतला. त्या पट्टीवर सहा गाड्या उभ्या राहतात. त्यांपैकी एक माझी आहे.