जाळीतल्या जिवाची राखण

घुबडाने उडतं वटवाघूळ पकडलं, तर आपण त्याला निसर्ग म्हणतो. तेच घुबड सर्वेक्षणाच्या जाळीत अडकलेलं वटवाघूळ ओढून घेऊन गेलं तर? घुबड तेच, भूक तीच, मरणारा जीवही तोच. मग दुसऱ्या वेळी मनाला टोचतं ते काय?

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यावर अभ्यासक संध्याकाळी मिस्ट नेट लावतात. धागा इतका बारीक, की वटवाघळाला तो वेळेत कळत नाही. अडकलं की ते फडफडतं, किंचाळतं आणि त्या धडपडीने शिकाऱ्यांचं लक्ष वेधलं जातं. घुबड, साप, मांजर, कुणीही येऊ शकतं. हार्प ट्रॅपमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर आदळून वटवाघळं खालच्या पिशवीत घसरतात. तिथे शिकारी आतच असू शकतो. आपल्याकडची फॉल्स व्हॅम्पायर वटवाघळं बेडूक, उंदीर, पक्षी खातात, तशीच छोटी वटवाघळंही. 40-50 ग्रॅमचा हा शिकारी आणि 5 ग्रॅमची पाकोळी, दोघं एकाच पिशवीत!

‘तसंही कुणीतरी खाल्लंच असतं,’ असं म्हणता येईल. पण मोकळ्या वटवाघळाकडे अंधार असतो, झटकन वळण्याची कला असते. जाळी नेमकं तेच काढून घेते. रानाच्या कडेला शेळी दाव्याला बांधून आपण घरी झोपलो आणि बिबट्याने ती नेली, तर दोष बिबट्याचा कसा?

‘एका जिवाने काय फरक पडतो?’ हा दुसरा युक्तिवाद. वटवाघळांच्या अनेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे फरक पडतोही. पण हे झालं गणित. जात मुबलक असली, तरी त्या एका जिवाची असहायता आपणच तयार केलेली असते.

मग पकडूच नये का? काही जाती हातात घेऊन, मापं काढल्याशिवाय ओळखता येत नाहीत. आणि कोणत्या गुहेत कोण राहतं हे कळलं नाही, तर ती वाचवायची कशाच्या आधारावर? पकडण्यामागे योग्य कारण असू शकतं. पण कारण योग्य आहे म्हणून राखणीतून सुटका होत नाही.

ही राखण साधी आहे, फक्त कंटाळवाणी. जाळी सोडून जायचं नाही. दर काही मिनिटांनी ती तपासायची. पकडलेलं प्रत्येक वटवाघूळ वेगळ्या पिशवीत ठेवायचं. घुबड पुन्हा पुन्हा घिरट्या घालू लागलं, तर त्याला दगड मारायचा नाही, जाळी गुंडाळायची. त्या रात्रीच्या नोंदी गेल्या तर गेल्या. भुकेलं असणं हा घुबडाचा गुन्हा नाही.

सोडतानाही तेच. अनेक वटवाघळांना जमिनीवरून उडणं जड जातं. दमलेलं, गारठलेलं वटवाघूळ खाली ठेवणं म्हणजे ते मांजरापुढे ठेवणंच. त्याला ऊब द्यायची, उंचावर धरायचं आणि ते स्वतःहून उडेपर्यंत थांबायचं.

ते उडालं, की त्याचा अंधार त्याला परत मिळाला. त्यानंतर घुबडाने त्याला गाठलंच, तर वाईट वाटेल. पण तो त्या दोघांमधला मामला असेल.