थांबवून पाहताना

हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवा. समोरचं मशीन चालू असेल तर असू दे. आज डिबगर बांधायचा आहे, पण त्याआधी थोडा वेळ अलिबागला जाऊ.

१९०४ साल मनात आणा. मुंबईत विजेची ट्राम येऊ घातलेली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती आणि ट्रामच्या विजेने ती बिघडली असती. म्हणून वेधशाळेच्या नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलं. मोजणाऱ्याच्या भिंतींनीच मोजमापात ढवळाढवळ करू नये, एवढी ती काळजी. आणि कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालल्या. दोन जागांमधला फरक कळला, तेव्हाच जुनी मालिका नव्या जागेशी जोडता आली. या दोन वर्षांपाशी थोडं थांबा. मला ती इमारतीहून मोठी वाटतात.

आता स्वतःच्या टेबलाकडे या. समजा, तुम्ही रेवदंड्याला घरी आहात. एक लॅपटॉप आणि शेजारी एआरएमचा छोटा बोर्ड. तीन मशीनं मनात वेगळी करा. जीडीबी हा आपला डिबगर जिथे कंपाइल होणार ते पहिलं, तयार जीडीबी जिथे चालणार ते दुसरं, आणि ज्या मशीनचे प्रोग्राम तो तपासणार ते तिसरं. कॉन्फिगर स्क्रिप्ट त्यांना बिल्ड, होस्ट आणि टार्गेट म्हणून ओळखते. रोजच्या कामात तिन्ही एकच असतात, म्हणून त्यांचा विचार मनात येत नाही. इथे तिसरं वेगळं आहे. ते सांगितलं नाही, तर लॅपटॉपसाठी बांधलेला जीडीबी बोर्डावरच्या सूचना ओळखणार नाही.

सोर्सच्या फोल्डरमध्ये बांधणी करू नका. प्रत्येक मशीनसाठी रिकामं फोल्डर घ्या आणि तिथून कॉन्फिगर चालवा. सोर्स एकच राहतो, बांधण्या वेगळ्या. स्क्रीनवरून ओळी सरकू लागल्या की नजर हटवू नका. जीएमपी ही लायब्ररी नसेल तर अलीकडचा जीडीबी तिथेच अडतो, आणि हे बरंच आहे, कारण कळतं तरी. एक्सपॅट ही लायब्ररी नसेल तर मात्र बांधणी पूर्ण होते. पुढे बोर्ड आपल्या रजिस्टरांचं वर्णन पाठवतो आणि जीडीबीला ते वाचता येत नाही. डिबगर चालतो, पण अर्धवट पाहतो. मला काळजी वाटते ती अशा बांधणीची.

आता एक ब्रेकपॉइंट लावा आणि आत काय होतं ते अगदी जवळून पाहा. इंटेलच्या मशीनवर जीडीबी त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट उचलून जपून ठेवतो आणि तिथे सीसी हा बाइट बसवतो. प्रोसेसर तिथे पोचला की अडतो. थांबलेल्या प्रोग्रामची मेमरी तुम्ही पाहता, तेव्हा जीडीबी मूळ बाइटच दाखवतो. म्हणजे पाहण्यासाठी प्रोग्रामला हात लावावाच लागला. लोखंड इथे पूर्ण टाळता येत नाही. कुठे आहे ते माहीत ठेवता येतं.

श्वास संथ होऊ द्या. समोर सी भाषेची ओळ दिसते आहे ना? चालत होती ती ओळ नव्हे. कंपाइलरला डॅश जी देऊन बनवलेल्या फाइलमध्ये साधारणपणे सोर्स नसतो. असतात फाइलची नावं, ओळींचे क्रमांक आणि व्हेरिएबल कुठे आहेत याचा पत्ता. त्या पत्त्यावरून जीडीबी तुमच्या डिस्कवरची फाइल उघडतो. प्रोग्राम दुसऱ्याच मशीनवर कंपाइल झाला असेल तर वाट चुकते. सबस्टिट्यूट-पाथने ती जुळवून द्यावी लागते. फाइल जुन्या आवृत्तीची असली तर ओळ दिसेल, पण चुकीची. एखाद्या व्हेरिएबलपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ आलं तर वैतागू नका. त्या क्षणी ती किंमत कुठे मिळेल याची नोंद फाइलमध्ये नाही, आणि जीडीबीने खोटी किंमत दाखवली नाही, एवढंच.

आणखी खोल जायचं तर कर्नल. तो थांबला की त्याच्यावर चालणारं सगळं थांबतं. मग तपासायचं कुठून? दुसऱ्या मशीनवरून. दोघांमध्ये सिरीयल केबल, एकीकडे कर्नल, दुसरीकडे जीडीबी. लिनक्सचा केजीडीबी असा चालतो. २००० ते २००४ अमित काळे यांनी तो सांभाळला, पुढची दोन वर्षं लिनसिससॉफ्ट या कंपनीने. तोवर ते मूळ कर्नलबाहेरचं ठिगळ होतं, म्हणजे कर्नल बदलला की पुन्हा जुळवणं आलं. २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, त्याचं आटोपशीर रूप कर्नलमध्ये आलं. मधल्या वर्षांतल्या त्या जुळवाजुळवीबद्दल मला फार आदर आहे.

काम झालं की डिटॅच द्या. ब्रेकपॉइंट निघतात, प्रोग्राम पुढे चालू लागतो. पण लगेच उठू नका. तोच सोर्स दुसऱ्या मशीनवर कंपाइल करा, त्याच ओळीवर थांबवा आणि दोन्ही बॅकट्रेस शेजारी ठेवून सावकाश वाचा. फरक दिसला तर तो प्रोग्रामचा की डिबगरच्या बांधणीचा, हे आधी ठरवा. त्यासाठी दोन्हीकडे शो कॉन्फिगरेशन द्या. कुठला जीडीबी कशासाठी आणि कुठल्या लायब्रऱ्यांसह बांधला आहे, ते समोर येईल.