लोकर ऊब राखते



दिवाळी सरली की फलटणकडचे धनगर आपली मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात. रात्री उघड्या शेतात त्यांचा वाडा पडतो. दव पडते, गार वारा सुटतो; तरी मेंढरे स्वस्थ रवंथ करीत बसतात आणि त्यांचा राखणदार घोंगडी पांघरून निजतो. ही ऊब येते कोठून, याचा आपण विचार करू या.

लोकरीच्या ठायी स्वतःची उष्णता मुळीच नाही. घोंगडी दगडावर घातली, तर दगड तापत नाही. मेंढराच्या देहाची उष्णता सुमारे ३९ अंश असते. ती त्याच्या रक्तामांसातून उपजते. लोकरीचे तंतू नागमोडी असल्यामुळे त्यांच्यामध्ये हवा अडकून स्थिर राहते, आणि स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. थंडीत चिमणी पिसे फुलवून वाटोळी होऊन बसते, ती याच हवेसाठी. आपल्या गोधडीतील जुन्या लुगड्यांच्या थरांमध्येही हीच हवा असते.

यावरून आपणांस आपले कर्तव्य कळते. कोणाच्या देहात प्राण घालणे आपल्या हाती नाही. तो देणारा एक देव आहे. परंतु त्याने घातलेली ऊब वाऱ्यावर जाऊ न देणे, एवढे त्याने आपल्याकडे सोपविले आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. कारण रात्री त्याला दुसरा आधार नसतो. पाहा, येथे सावकाराच्या वहीपेक्षा देवाने गरिबाची रात्र मोठी मानिली! तसेच, उघड्या भावास काही न देता केवळ शुभ शब्द बोलून वाटेस लावणाऱ्यास याकोबही दोष देतो.

आता व्यवहाराचे एक सांगतो. वर कितीही पांघरले, तरी खालची गार जमीन अंगातील ऊब ओढून घेते. कारण अंगाच्या भाराने खालचे अंथरूण दबते व त्यातील हवा निघून जाते. म्हणून आधी खाली कोरडा पेंढा जाड पसरावा. तान्ह्या मुलांची व वृद्धांची ऊब लवकर जाते, त्यांस प्रथम सांभाळावे. कोंडलेल्या खोलीत पेटती शेगडी ठेवून मात्र कोणी निजू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच प्राण जाऊ शकतो.

मंडळीच्या पंचांस व उपदेशकांस आमची विनंती आहे की, या पौषात त्यांनी विधवांच्या व म्हाताऱ्यांच्या घरी जावे आणि केवळ प्रार्थना करून न परतता, रात्री खाली काय अंथरतात ते पाहावे. ज्याजवळ दोन घोंगड्या असतील त्याने एक द्यावी. ज्याजवळ तीही नसेल त्याने पेंढ्याचा भारा न्यावा. आणि देण्याघेण्यापायी कोणी कोणाचे पांघरूण अडकवून ठेविले असेल, तर त्याने ते आजच, दिवस मावळण्यापूर्वी, त्याच्या दारी पोहोचवावे.