पाण्याची अमानत

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. भोरकडचे पाणी भाटघर धरणातून नीरेच्या कालव्यांत जाते आणि शेते भिजवते. वेल्ह्यातले पानशेतचे पाणी खडकवासल्यात येते आणि पुण्याची तहान भागवते. शहर ते पिते, वापरते आणि नदीत सोडते. पुढे मुळा-मुठेच्या काठी, येरवड्याला, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे.

शाळेतल्या मुलांना तिथे नेले, तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावले. पण नजर पाण्यावरून हटेना. लांब गुलाबी पायांचे शेकाटे काळ्या पाण्यात चोची बुडवत होते. एका मुलीने विचारले, "सर, पाणी एवढे घाण, मग पक्षी इतके कसे?"

याचे उत्तर विज्ञानात आहे. सांडपाण्यातल्या कुजक्या गाळात अळ्या वाढतात आणि शेकाटे त्या खातात. पण त्याच पाण्यातला प्राणवायू संपला की मासे मरतात, आणि माशांवर जगणारे पक्षी दुसरीकडे जातात. म्हणून शेकाट्यांची गर्दी हा नदीच्या आरोग्याचा दाखला नव्हे.

पक्षी जगताहेत, मग बिघडले कुठे, असे म्हणणारे भेटतात. भुकेल्याने शिळी भाकरी खाल्ली म्हणून ती पुढे टाकणारा दानशूर ठरतो का? सोसणाऱ्याने जुळवून घेतले, तरी करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

पाणी ही अमानत आहे. अमानत वापरता येते, पण ती जशी मिळाली तशी पुढे सोपवावी लागते. पाणीपट्टी भरली म्हणजे नदी विकत घेतली असे होत नाही. ज्यांची शेते, घरे धरणाखाली गेली, त्यांचाही या पाण्यात वाटा आहे. मात्र शहराकडे बोट दाखवून आपणही सुटत नाही. आपल्या गावचा ओढा खालच्या गावाचाही असतो.

सलीम अलींनी (१८९६-१९८७) लहानपणी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा रंग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांची पक्ष्यांशी जन्माची ओळख झाली. आपल्या हातून जे घडले त्याकडे त्यांनी डोळे उघडून पाहिले. त्यांचे नाव ज्या काठाला दिले, तिथे येणाऱ्या प्रत्येकाने पक्ष्यांबरोबर ते पाणीही पाहावे आणि त्यात आपले किती आहे, हे स्वतःला विचारावे.