फळ का नासते?

शास्त्रपाठ : यिर्मया 24 : 1-10



मंडळीच्या सभेत एखाद्या तरुणाचा प्रश्न निघाला, की कोणीतरी म्हण काढतेच : एक नासका आंबा सारी आढी नासवतो. मग पुढचे बोलणे सोपे होते. यादीतून नाव कमी करा, बाकीची फळे वाचवा. म्हण खोटी नाही. परंतु फळ नासते कसे, याची चौकशी न करताच आपण ती वापरतो.

सफरचंदाचेच उदाहरण घेऊ. (एदेन बागेतील ते फळ सफरचंद होते असे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही, बिचाऱ्यावर उगाच आळ आला आहे.) काश्मीर व हिमाचलात पावसाळ्याच्या अखेरीपासून उतरवलेले सफरचंद आपल्याला उन्हाळ्यातही बाजारात मिळते. तोडलेले फळ मेलेले नसते, ते श्वास घेत असते. हवेतील प्राणवायू घेऊन आपल्याच पोटातील साखर ते हळूहळू जाळते. तो साठा ओसरू लागला की ते मऊ, पिठूळ आणि बेचव होते. उष्णता जितकी अधिक, तितका हा श्वास जलद. म्हणून कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला शून्य अंशाच्या आसपास ठेवतात आणि ते सुरकुतू नये म्हणून तेथील हवा दमट राखतात. काही ठिकाणी बंद खोलीतील प्राणवायू 21 टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आणतात. मात्र तो अगदीच काढून घेतला, तर फळ आतल्या आत आंबू लागते. शिवाय सफरचंदाला मानवणारी थंडी केळ्याला सोसत नाही. सुमारे 13 अंशांच्या खाली केळ्याची साल काळी पडते. राखणदाराला आपले प्रत्येक फळ ओळखावे लागते. सर्वांना एकच कडक हवा लावणारा राखणदार अर्धा माल स्वतःच घालवतो, आणि हे आम्हा पाळकांना व वडिलांना विशेष लागू आहे.

आता शेजाऱ्याच्या परिणामाविषयी. पिकणाऱ्या सफरचंदातून एथिलीन नावाचा वायू निघतो, हे 1934 साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले. त्या वायूने शेजारचे फळही लवकर पिकते. आपल्या आढीत आंबे कोंडले की भराभर पिकतात, त्यामागे हाच वायू आहे. पण तो केवळ नासके फळ सोडते असे नाही. पिकणारे प्रत्येक निरोगी सफरचंद तो सोडते. मार बसलेले अधिक सोडते, इतकेच. तेव्हा माझ्या हवेचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही, असे टोपलीतल्या कोणालाही म्हणता येत नाही.

आणि बुरशी? तिचे बारीक कण पेटीत, हातांवर, हवेत असतातच. सफरचंदावर निळसर बुरशी येते ती पुष्कळदा जखमेतून आत शिरते. नख लागले, शेजारच्या फळाचा देठ टोचला, पेटी आपटली, की तिला वाट मिळते. म्हणजे डाग दिसण्याच्या कितीतरी आधी ते फळ कोणाच्या तरी हातून पडलेले असते. ज्या तरुणाविषयी आपण ठराव करतो, त्याचे वडील वारले तेव्हा त्याच्या घरी कोण गेले होते? त्याची नोकरी सुटली तेव्हा मंडळीत त्याच्याविषयी काय बोलले गेले? हे प्रश्न सभेच्या वृत्तांतात सहसा नसतात.

कोणी म्हणेल, पौलाने करिंथच्या मंडळीला दोषी माणसाला दूर करण्यास सांगितले होते. खरे आहे. कुजलेले फळ पेटीत ठेवणारा शहाणा नव्हे. परंतु दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्यायही वाचावा. तेथे शिक्षा झालेल्या एका माणसाविषयी पौल लिहितो, की आता पुरे झाले, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल. पहिले पत्र आपल्याला पाठ असते, दुसरे आठवत नाही.

यिर्मयाला मंदिरासमोर अंजिरांच्या दोन टोपल्या दिसल्या. एकीतील अंजीर उत्तम होते, दुसरीतील इतके नासके की खाववेनात. ख्रिस्तपूर्व 597 साली राजा यखन्या व पुष्कळ लोक कैद करून बाबेलास नेले गेले होते. मागे राहिलेल्यांना वाटले असेल, की देवाने नासका माल बाहेर काढला आणि आपण मंदिराच्या सावलीत सुखरूप उरलो. देवाचा निवाडा उलट निघाला. चांगले अंजीर म्हणजे ते दूर नेलेले लोक, आणि नासके म्हणजे यरुशलेमात उरलेला राजा सिद्कीया व त्याचे सरदार. घालवून दिलेल्यांवर देवाने आपली दृष्टी ठेवली. त्यांना परत आणण्याचे, आणि आपल्याला ओळखील असे हृदय त्यांना देण्याचे त्याने वचन दिले.

जगातील कोणतेही कोल्ड स्टोरेज नासलेले सफरचंद पुन्हा निरोगी करू शकत नाही. ते केवळ उशीर करते. दृष्टांत येथे तुटतो, आणि बाबेलात बसलेल्या त्या कैद्यांना आशा होती ती येथूनच.