आधीं मूळ पाहा

मननासाठीं शास्त्रभाग : लूक १३ : ६-९



आपल्यापैकीं पुष्कळांच्या ओट्यावर मातीच्या कुंडींत लावलेला मोगरा असतो. एके दिवशीं त्याचीं पानें पिवळीं पडतात, कोंवळे शेंडे माना टाकतात, कळ्या उमलण्यापूर्वींच गळतात. तें पाहून घरचा मनुष्य काय करतो? झाड तहानलें असें समजून तो तांब्याभर पाणी ओततो. दुसऱ्या दिवशीं तें अधिकच मलूल दिसतें, म्हणून तो आणखी ओततो. थोड्याच दिवसांत झाड मरतें. त्याला कोणी द्वेषानें मारलें नाहीं, मायेनेंच मारलें.

ह्याचें कारण असें कीं, तहानलेलें झाड आणि पाण्यांत बुडालेलें झाड हीं वरून पुष्कळदां सारखींच दिसतात. मुळांस जसें पाणी लागतें तशी हवाही लागते. कुंडीचें खालचें भोंक बुजलें म्हणजे पाणी आंत तुंबतें, मातींतील हवा नाहींशी होते, आणि मुळें गुदमरून कुजूं लागतात. कुजलेल्या मुळांस पाणी शोषून घेतां येत नाहीं. अशा रीतीनें पाण्यांत उभें असूनही तें झाड तहानेनें सुकतें.

जाणता माळी आधीं मातींत दोन पेरें बोट घालून पाहतो. खालीं चिखल लागला तर तो पाणी थांबवितो, आणि कुंडी आडवी करून झाड हळूच बाहेर काढतो. निरोगी मूळ फिकट रंगाचें व टणक असतें. कुजलेलें काळें, मऊ व दुर्गंधीचें असतें. कुजलें असेल तेवढेंच तो स्वच्छ सुरीनें कापतो. भोंक मोकळें करून वाळू मिसळलेल्या नव्या मातींत तो झाड लावितो, आणि ८-१० दिवस सावलींत ठेवितो. खताची तो घाई करीत नाहीं. कारण दुबळ्या मुळांस जोरकस खत बाधतें. नवा कोंब फुटेपर्यंत तो वाट पाहतो.

आतां प्रभूनें सांगितलेल्या दाखल्याकडे पाहा. धनी ३ वर्षें येऊन अंजिराला फळ शोधीत होता. तें न मिळाल्यामुळें त्यानें झाड तोडण्यास सांगितलें. माळ्यानें आणखी एक वर्ष मागून घेतलें. त्यानें कामाचा क्रम कसा सांगितला तें लक्षांत घ्या : आधीं मुळाभोंवतीं खणणें, आणि मग खत. फळ येईलच असें त्यानें म्हटलें नाहीं. श्रम मात्र आपल्या अंगावर घेतले.

बंधूंनो, मंडळींतील एखादें कुटुंब उपासनेस येईनासें होतें. त्यांचा विश्वास सुकला असें आपण ठरवितों, आणि वरून बोध ओततों, दोष देतों, शेवटीं वहींतून नांव काढण्याची भाषा करितों. मुळाशीं काय आहे हें कोणीं पाहिलें? कदाचित् सावकाराचें कर्ज असेल, मूल आजारी असेल, किंवा आपल्यापैकींच कोणीं चारचौघांत केलेला अपमान तेथें सडत असेल. पाप असेल तर तें कापावें लागेलच. पण कुजलें असेल तेवढेंच कापावें, जिवंत मुळास सुरी लावूं नये.

आणखी एक गोष्ट. रानांतील झुडूप आपलीं मुळें दूरवर पाठवून पाणी शोधितें. कुंडींतल्या झाडास आपण दिली तेवढीच माती. ज्याचे सोयरे बाप्तिस्म्यामुळें तुटले, त्याला मंडळी हीच तेवढी माती आहे. तो येथें सुकला तर त्यानें दुसरीकडे कोठें मूळ धरावें?

म्हणून उपदेशकांनो व वडीलमंडळींनो, ह्या आठवड्यांत अशा एका घरीं जा. हातीं दोषांची यादी नेऊं नका. ओट्यावर बसा, विचारा, ऐका. आणि ऐकून झाल्यावर मग प्रार्थना करा. लगेच फळ दिसलें नाहीं तरी पुनः जा. ज्या प्रभूनें आपणां प्रत्येकासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें आहे, तो आपल्या हातांस माळ्याचा धीर देवो. आमेन.